पिवळ्याच्या नऊ पट्ट्या

मास्तरांच्या मते जगात पांढरा रंग नावाची चीजच नव्हती. लोक ज्याला पांढरा म्हणतात तो एकतर पिवळट असतो, नाहीतर निळसर, नाहीतर सरळ मळका, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ते कुणी न विचारता देत. भाच्याच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या कोऱ्या शर्टाकडे पाहून "कॉलरला पिवळी झाक आहे" असं ते चारचौघांत म्हणाले होते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा अंगावरच्या चादरीला नावं ठेवून त्यांनी नर्सला रडकुंडीला आणलं होतं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात डाईंग मास्तर म्हणून चाळीस वर्षं काढलेला माणूस. कारखाना बंद पडला, तरी गल्लीच्या तोंडी ते मास्तरच राहिले.

गेलं वर्षभर मात्र त्यांनी कुणाच्याही पांढऱ्याला नावं ठेवली नव्हती. सुनेने खिडक्यांना नवे पडदे आणले, तर चष्मा वर करून पाहिलं आणि "छान आहेत, शुभ्र" एवढंच म्हणाले. सून बघतच राहिली. मास्तरांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्याला तिने फोनवर सांगितलं, "बाबा निवळले बरं का आता." वय झालं की माणूस मऊ पडतो, असं नवराबायकोने मिळून ठरवून टाकलं आणि तो विषय तिथेच संपला.

गल्लीच्या टोकाला एक विहीर होती. तिच्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. कारखाना चालू असताना रोज संध्याकाळी भोंगा झाला की हौदात उरलेला रंग मागच्या नाल्यात सोडत, आणि नाला विहिरीपासून तीस पावलांवरून जाई. व्हॉल्व्हचं चाक फिरवून रंग सोडायचं काम मास्तरांचं होतं. हुकूम मालकाचा, हे खरं. हात मास्तरांचे, हेही तितकंच खरं. गल्लीतून कुणी तक्रार घेऊन गेलं की ऑफिसातून ठरलेलं उत्तर यायचं, की गाळणीच्या टाकीत बिघाड आहे, दुरुस्ती चालू आहे. हे उत्तर दारापर्यंत येऊन सांगायलाही मास्तरांनाच पाठवत. हा बिघाड तीस वर्षं चालला. पुढे मालक गेला, कारखान्याला टाळं लागलं, पण विहिरीचं पाणी काही गुलाबीचं पांढरं झालं नाही. तेव्हापासून गल्ली टँकरच्या पाण्यावर होती. आठवड्यातून तीनदा टँकर यायचा, म्हणजे यायचा असा नियम होता.

मास्तरांच्या बायकोचं अर्धं आयुष्य त्याच विहिरीच्या पाण्यावर गेलं. संध्याकाळी मास्तर घरी आले की ती आधी त्यांचे हात बघायची आणि कोणत्या हौदावर काम होतं ते ओळखायची. "आज लाल," म्हणायची, "म्हणजे उद्या विहीर लाल." हसून म्हणायची. ती मूत्राशयाच्या दुखण्याने गेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. मास्तरांना कारण सांगायला डॉक्टर लागत नव्हता. ते कुणापाशी बोलले नाहीत, पण विहिरीजवळून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जात. समोर राहणाऱ्या काकीचा नवरा मास्तरांच्याच हाताखाली हौदावर होता. तोही त्याच दुखण्याने गेला. त्या दिवसापासून अकरा वर्षं काकी मास्तरांशी चकार शब्द बोलली नव्हती. दारात समोरासमोर आले तर तोंड फिरवायची. यात काकीचं काही चुकतंय असं मास्तरांना कधीच वाटलं नाही.

आणि आता हीच विहीर उघडायचा घाट घातला होता त्यांच्या सुनेने.

सून रसायनशास्त्र शिकलेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तीन वर्षं ती घराच्या गच्चीवर खटपट करत होती. कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतं भरून लाकडाचा भुसा आणि ढलप्या आणायची, झाकणबंद पिंपात घालून हवा न लागू देता भाजायची. त्याचा कोळसा व्हायचा, हलका आणि आतून सच्छिद्र. तिच्या कागदपत्रांत त्याला बायोचार म्हणत, गल्ली त्याला सूनबाईचा कोळसा म्हणे. त्या कोळशावर ती एक पांढरी पूड बसवायची, भिंतीच्या रंगात असते तीच, पण फार बारीक केलेली. हा कोळसा काचेखालच्या उथळ ट्रेमध्ये पसरायचा, विहिरीचं पाणी पंपाने वर चढवून त्यावरून सावकाश, अगदी थेंबाथेंबाने सोडायचं, आणि वरून ऊन. एका टोकाने गुलाबी पाणी आत जायचं, दुसऱ्या टोकाने पांढरं बाहेर यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मास्तर ट्रेपाशी उकिडवे बसले आणि तासभर उठले नाहीत.

"कुठे गेला गं रंग?" त्यांनी विचारलं होतं.

"कोळसा रंगाला धरून ठेवतो, बाबा. पूड उन्हात त्याचे तुकडे करते. ऊन पुरलं तर तुकड्यांचेही तुकडे होतात आणि शेवटी रंग म्हणून काही उरतच नाही."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर अर्धवट तुटलेलं पाण्यातच राहतं. ते पिवळसर असतं, फार फिकं. आणि मूळ रंगापेक्षा ते जास्त घातक. माझी खरी भीती तीच आहे. माझ्या रंग मोजायच्या मीटरला मी कारखान्याचा लाल तेवढा ओळखायला लावलाय, त्याला पिवळ्याचं काही कळत नाही. ते पकडणारं मोठं यंत्र आपल्याकडे नाही. बाहेरच्या लॅबमध्ये पाठवलं तर अहवाल यायला तीन आठवडे."

"किती फिकं असतं?"

"तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही इतकं," सून म्हणाली.

हे वाक्य ऐकून मास्तर जे खूश झाले ते पुढे कित्येक दिवस खूशच होते. कारखाना गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांना कुणी काम दिलं नव्हतं. त्यात हे काम असं, की ज्या हातांनी रंग सोडला त्याच माणसाने तो गेल्याची खात्री करायची. त्यांनी देवघेवीची भाषा केली नाही, पण मनाशी मात्र पक्कं धरलं की बायकोचं काही देणं असेल तर ते असंच फिटेल.

उन्हाळी दिवसांतल्या पाण्याचा अहवाल लॅबमधून स्वच्छ आला. नगरपालिकेच्या परवानगीचा कागदही आला. त्यात एक अट होती, की रोजच्या पाण्याचा रंग जाणकार माणसाने तपासून वहीत सही करावी. गल्लीत दुसरा जाणकार होताच कोण? रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी बसवलेला नळ उघडायचा ठरलं. आदल्या रविवारपासून साफ झालेलं पाणी मोठ्या टाकीत साठवायला सुरुवात झाली.

आणि सोमवारी मळभ आलं. ते गुरुवारपर्यंत हललं नाही.

त्या चार दिवसांतही मास्तरांनी आपलं काम डोळ्यात तेल घालून केलं. रोज सकाळी नऊ वाजता सून गच्चीवरून काचेची बरणी भरून आणायची. मास्तर उत्तरेच्या खिडकीपाशी पांढरी फरशी ठेवायचे, तीवर बरणी, आणि वरून खाली बघायचे. रंग बघायचा तर उत्तरेच्या उजेडात, हा त्यांचा कारखान्यापासूनचा शिरस्ता. एकदा डावा डोळा मिटून, एकदा उजवा. मग वहीत लिहायचे, 'रंग: नाही', आणि खाली सही, इंग्रजी वळणाची, शेपटी लांब असलेली. सही झाली की सून त्याच बरणीतलं पाणी ग्लासभर ओतून घ्यायची आणि उभ्या उभ्या पिऊन टाकायची.

"हे कशाला?" पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं होतं.

"काकी विचारेल ना, तू पितेस का म्हणून. मग काय सांगू?"

मास्तरांनी मान डोलावली. सून गुणाची होती. गल्लीत तसं ते सांगत फिरत, फक्त तिच्या तोंडावर कधी म्हणत नसत.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मास्तरांच्या मनात आलं की उद्या लोकांसमोर नुसतं 'रंग नाही' म्हणून भागणार नाही, काहीतरी हातात धरून दाखवायला हवं. त्यांनी कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात त्यांची छटांची वही होती. प्रत्येक पानावर एका रंगाच्या नऊ कापडी पट्ट्या, बोटभर रुंद, अगदी फिक्यापासून गडदपर्यंत, त्यांनी स्वतः रंगवलेल्या. पट्ट्या वरच्या कडेने टाचलेल्या, आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने आकडा, बायकोच्या अक्षरात. तिचं अक्षर चांगलं होतं म्हणून तिच्याकडून लिहून घेतले होते.

पिवळ्याचं पान उघडलं आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पहिल्या चार पट्ट्या पांढऱ्या होत्या.

कुणी बदलल्या, हा पहिला विचार. उडाला रंग, हा दुसरा. पण डबा बंद होता, उजेडाचा संबंध नव्हता, आणि शेजारच्या पानावरचा लाल जिथल्या तिथे होता. रंग उडायचा तर एकट्या पिवळ्याचाच कसा उडेल? त्यांनी चष्मा पुसला. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. चारही पट्ट्या एकसारख्या, एका ताग्यातून फाडल्यासारख्या.

मग त्यांनी ते केलं जे नव्या माणसाला कारखान्यात घेताना ते करत. पट्ट्या सोडवल्या, पिसल्या, उत्तरेच्या उजेडात टेबलावर ओळीने लावल्या आणि उलट्या करून आकडे वाचले. तीन, एक, चार, दोन, सहा, पाच. पुढचे तीन तेवढे बरोबर. पुन्हा पिसल्या, पुन्हा लावल्या. दोन, चार, एक, तीन. तिसऱ्यांदा लावल्या, आणि तिसऱ्यांदाही चुकल्या.

तीनदा चुकला की माणूस रंगाच्या कामाचा नाही, त्याला गठ्ठे बांधायला पाठवायचा, हा नियम मास्तरांनीच घातलेला. एक तरणाबांड गडी होता, कामसू, त्याला त्यांनी असाच पाठवला होता. तो रडत म्हणाला होता, "मला दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं, मास्तर." त्यावर मास्तर हसले होते. न दिसणाऱ्याला न दिसलेलं कसं कळणार, असं म्हणून चारजणांना हसवलंही होतं. ते हसू आता इतक्या वर्षांनी त्यांच्याच तोंडात मारल्यासारखं परत आलं.

त्यांनी मान वर केली. समोर सुनेचे पडदे होते. शुभ्र. मास्तरांच्या लक्षात आलं, वर्षभर आपल्याला सगळंच शुभ्र दिसतंय. चादरी, भिंती, शर्ट, सगळं. चष्मेवाल्याने मोतीबिंदू पिकत आलाय, डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतंय, असं मागे दोनदा सांगितलं होतं. तेव्हा "अक्षर वाचता येतंय ना, मग झालं" म्हणून त्यांनी उडवून लावलं होतं. अक्षर दिसत होतं, माणसं दिसत होती, लालही दिसत होता. एक पिवळा तेवढा गेला होता, आणि जाताना सांगून गेला नव्हता.

मग चार दिवसांचं मळभ आठवलं. चार सह्या आठवल्या. आणि सुनेने उभ्या उभ्या प्यायलेले ग्लास आठवले तसे ते पट्ट्या गोळा करून उठले.

गच्चीला अठरा पायऱ्या. गुडघ्यांमुळे मास्तर त्या दोनदा थांबून चढत. आज ते कुठे थांबले ते त्यांनाही आठवत नाही. सून ट्रेवरच्या काचा पुसत होती. शुक्रवारपासून ऊन पडलं होतं, काचा लखलखत होत्या.

"बाबा? अहो, हाक मारायची ना, मी आले असते खाली."

मास्तरांनी पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "या लाव बघू. फिक्याकडून गडदकडे."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने हात पुसले, ट्रेच्या कडेवर पट्ट्या मांडल्या. एकदा दोन पट्ट्यांची अदलाबदल केली, बस. मास्तरांनी उलट्या केल्या. एक ते नऊ. क्रमाने.

"पहिल्या चार तुला वेगवेगळ्या दिसतात?"

"म्हणजे काय? दिसतात की. पहिली जरा अवघड आहे."

"मला त्या चारही पांढऱ्या दिसतात."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि ती ट्रेशेजारीच बसली. ती काही विचारेल, घाबरेल, रागावेल, अशी मास्तरांनी तयारी केली होती. ती भलतंच बोलली.

"मला दिसला होता, बाबा."

"काय?"

"पिवळा. मंगळवारी. बुधवारी तर चांगलाच. वाटलं, तुम्हाला सांगावं. पण तुम्ही डोळे मिटून, उघडून, दोनदा बघितलंत आणि 'नाही' लिहिलंत. मग मला वाटलं, माझीच नजर कच्ची. काचेचा असेल, फरशीचा असेल. चाळीस वर्षं रंग बघितलेल्या माणसाला मी काय सांगणार?"

"आणि दिसत असून प्यायलीस?"

"तुम्ही सही केली होती ना."

मास्तर तिच्या शेजारी बसले. आपल्या नुसत्या 'नाही'ला इतकं वजन असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. खरं म्हणजे वाटलं होतं, आणि त्याचा आनंदही झाला होता. तेच त्यांना आता सहन होईना.

"किती प्यायलीस? काही होतंय का तुला?"

"चार ग्लासांनी काही होत नाही, बाबा. रोज प्यायलं, वर्षानुवर्षं प्यायलं, तर होतं." एवढं बोलून ती थांबली. वर्षानुवर्षं कोण प्यायलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. "टाकीत मात्र सगळं एकत्र झालंय. ती उद्या द्यायची नाही. रिकामी करून पुन्हा ट्रेवरून सोडावी लागेल. मळभ आलं की पंप बंद ठेवायला हवा, हे मलाच सुचायला हवं होतं. आणि लॅबमध्ये पुन्हा नमुने. महिना गेला."

सुनेने बाजूला ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं. मग खाली बघत ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांचं कुणाला सांगायची गरज नाही. ऑपरेशन करून घेऊ, पंधरा दिवसांत बरे व्हाल. उद्या मी सांगते लोकांना, पंपात बिघाड आहे म्हणून."

मास्तर एकदम तिच्याकडे वळले. ती बिचारी त्यांची अब्रू झाकायला निघाली होती, आणि क्षणभर त्यांना वाटलंही, झाकू द्यावी. सत्तरी उलटली, आता कुणाकुणाला तोंड देत बसायचं? पण तो शब्द त्यांच्या कानात अडकला. तीस वर्षं दारोदार जाऊन त्यांनी तोच शब्द वाटला होता, काकीच्या दारातही, तिचा नवरा आत कण्हत असताना.

"बिघाड नको म्हणूस, पोरी," ते म्हणाले. "दुसरं काहीही म्हण. उद्या मीच बोलतो."

रविवारी सकाळी मास्तर खाली उतरायच्या आधीच गल्ली जमली होती. बादल्या, कळशा, डबे, पिंपं यांची रांग नळापासून सुताराच्या दुकानापर्यंत गेली होती. सुताराने आपल्याच भुशाचं पाणी म्हणून दुकानाला सुट्टी देऊन टाकली होती. काकी रांगेत चौथी होती, निळी बादली घेऊन. मास्तरांना बघून तिने सवयीने तोंड फिरवलं.

मास्तरांनी घरातलं छोटं टेबल आणवून नळाशेजारी ठेवलं, पांढरी फरशी ठेवली, आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी "अहो, भाषण मागाहून करा" असं ओरडलं आणि पुढच्या उतावळ्या गड्याने नळाचं चाक फिरवून टाकलं. पाणी आलं. चांगलं धारेने आलं, उन्हात चकाकत आलं, आणि रांगेतून एक मोठा आवाज उठला. कित्येक वर्षांत त्या विहिरीचं पाणी असं कुणी पाहिलं नव्हतं. पहिली बादली भरायला लागली.

मास्तरांना ते पाणी पांढरं दिसलं. अगदी काचेसारखं. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी त्यांनी तेच सांगितलं असतं.

"थांबा," ते म्हणाले. कुणी थांबेना. मग ते चाळीस वर्षांपूर्वी हौदावर ओरडत तसे ओरडले, "थांबा म्हणतो ना!" आणि गल्ली गप्प झाली.

त्यांनी टेबलावर पट्ट्या मांडल्या. घाई केली नाही. एकेक पट्टी उचलून, डोळ्यांजवळ नेऊन, त्यांनी पिवळ्याच्या नऊ पट्ट्या आपल्या परीने क्रमाने लावल्या. पुढे उभ्या असलेल्या लोकांना त्या स्पष्ट दिसत होत्या. सुतार हळूच म्हणाला, "मास्तर, ती दुसरी इकडे हवी. आणि ही पहिली..." आणि मग त्याचं त्यालाच उमगलं, तो गप्प झाला.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. "सुताराला दिसतं ते मला दिसत नाही. माझे डोळे गेलेत. वर्ष झालं असेल, मला कळलं काल. मळभ होतं त्या चार दिवसांचं पाणी पिवळं होतं. पिण्याजोगं नव्हतं. मी ते पास केलं, सही करून. ही माझी सून माझ्या सहीवर विसंबून ते रोज प्यायली. टाकीत आज तेच पाणी आहे. ते कुणी भरायचं नाही."

"मग इतके दिवस काय झक मारली का?" मागून एकजण म्हणाला. दुसऱ्या कुणीतरी "डाईंग मास्तर म्हणे!" असं म्हणून हसून घेतलं. एका बाईने कपाळाला हात लावला आणि टँकर आज येणार नाही, त्याला नको म्हणून कळवलंय, असं सगळ्यांना सांगितलं. त्यावर आणखी गलका झाला. सून पुढे होऊन बोलायला लागली, "चूक माझी पण आहे, मला दिसलं होतं..." पण मास्तरांनी हाताने तिला थांबवलं.

"यापुढे पाणी ही बघेल," ते म्हणाले. "मी नाही. आणि हिला दिसलं की हिने बोलायचं, समोर सासरा असो नाहीतर आणखी कुणी. हे तुमच्यासमोर सांगतोय म्हणजे ती विसरणार नाही."

नळ अजून चालूच होता. पहिली बादली भरून वाहत होती आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तर नळापाशी गेले. लोखंडी चाक, मुठीत मावेल एवढं. त्यांच्या हातांना असलं चाक ओळखीचं होतं. भोंगा झाला की डावीकडे फिरवायचं, पाणी सुटलं की घरी जायचं. बंद करायला रात्रपाळीचा माणूस असे. त्यामुळे हात आधी सवयीनं डावीकडेच गेला, धार आणखी मोठी झाली, आणि कुणीतरी हसलं. मास्तरांनी हात थांबवला. मग दोन्ही हातांनी धरून चाक उजवीकडे फिरवलं, शेवटपर्यंत, घट्ट. धार बारीक झाली, ठिबकली आणि थांबली.

त्यांनी भरलेली बादली उचलून गटारात नाही, सुनेने बाजूला ठेवलेल्या पिंपात ओतली, पुन्हा ट्रेवरून सोडायला. मग ते तसेच वाकलेले उभे राहिले. मान वर करून लोकांकडे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं.

रांग मोडायला लागली होती. कुणी पुटपुटत, कुणी शिव्या देत, कळशा उचलून लोक घराकडे वळले. काकी मात्र जागची हलली नाही. ती दोन पावलं पुढे आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने मास्तरांकडे सरळ पाहिलं.

"माझा नवरा विचारायचा हो नेहमी," ती म्हणाली. "की मास्तर एक दिवस तरी ते चाक बंद करतील का."

मास्तरांचे डोळे भरून आले, आणि त्या डोळ्यांना जे काही दिसत होतं तेही दिसेनासं झालं.

काकीने आपली निळी बादली उपडी केली, नळाशेजारी टेकवली आणि तिच्यावर बसली.

"करा नीट," ती म्हणाली. "महिना लागू दे. मी थांबते."